लिनक्स सर्व्हरचे स्थलांतर : नाव, क्रमांक आणि वर्णक्रम

भाषाविभागांतील शब्दसंग्रह, बोलींची ध्वनिमुद्रणे, कोशांच्या नोंदी आणि प्रबंधांसाठी जमविलेली सामग्री आजकाल बहुधा एखाद्या लिनक्स सर्व्हरवर ठेविलेली असते. कागदावरील चिठ्ठ्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. सर्व्हरचे यंत्र मात्र पाचसात वर्षांत थकते. डिस्क कुरकुरू लागते, सुटे भाग मिळेनासे होतात, किंवा त्यावर बसविलेल्या प्रणालीचा आधारच काढून घेतला जातो. सेंटओएस ७ ही प्रणाली पुष्कळ ठिकाणी वापरात होती. तिचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. अशा वेळी वर्षानुवर्षे जुळवीत आणलेला सर्व्हर नव्या यंत्रावर न्यावा लागतो. हे काम तंत्रज्ञावर सोपवून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, या कामातील बहुतेक अडचणी निर्देशाच्या असतात, म्हणजे कोणते नाव कोणत्या वस्तूला लागू आहे या प्रश्नाच्या असतात. आणि त्यांपैकी सर्वांत धोक्याची अडचण मराठी वर्णक्रमाशी निगडित असल्यामुळे ती ओळखण्याची जबाबदारी भाषाभ्यासकाला टाळता येत नाही.

प्रथम हे पाहू की, स्थलांतर होते ते कशाचे. लिनक्समध्ये जुळवणीची जवळजवळ सारी माहिती साध्या मजकुराच्या फाइलींत असते आणि त्यांतील बहुसंख्य फाइली ‘ईटीसी’ या एकाच डिरेक्टरीत सापडतात. कर्नलबरोबर येणारे ड्रायव्हरही एका विशिष्ट यंत्रापुरते मर्यादित नसतात. संगणक सुरू होताना जोडलेल्या उपकरणांची चौकशी होते आणि ज्याचा त्याचा ड्रायव्हर तेव्हाच्या तेव्हा चढविला जातो. त्यामुळे जुन्या यंत्रातील डिस्क काढून नव्यात बसविली, तर प्रणाली पुष्कळदा विनातक्रार सुरू होते. हे पाहून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. परंतु खरे आश्चर्य पुढेच असते. प्रणाली सुरू होते, पण जाळ्यावर दिसत नाही. फाइली असतात, पण त्यांचा मालक भलताच निघतो. शब्द संग्रहात असतो, पण शोध घेता ‘नाही’ असे उत्तर येते.

पुण्याच्या कसबा पेठेतील पत्त्यांचे उदाहरण घेतल्यास हा प्रकार उलगडतो. तेथे घराचा पत्ता दोन रीतींनी सांगतात. ‘कसबा गणपतीच्या मागल्या अंगास, डाव्या हाताचा तिसरा वाडा’ ही एक रीत. सिटी सर्व्हेचा क्रमांक ही दुसरी. पहिली रीत बोलणाऱ्याला सोयीची, पण ती शेजाऱ्यांवर अवलंबून आहे. शेजारचा एक वाडा पडला की ‘तिसरा’ या शब्दाचा निर्देश सरकतो आणि पत्र दुसऱ्याच्या दारात जाते. क्रमांक रुक्ष असतो, उच्चारावयास कंटाळवाणा असतो. पण शेजारी वाडा उभा आहे की पडला, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आता समजा, याच पेठेतील एका वाड्यात एखाद्या अभ्यासमंडळाचा सर्व्हर आहे, वाड्याची पुनर्बांधणी व्हावयाची आहे आणि मंडळाने या निमित्ताने यंत्रही बदलावयाचे ठरविले आहे. या मंडळापुढे जे प्रश्न उभे राहतील, त्यांत पत्त्याच्या या दोन्ही रीती पुन्हा पुन्हा भेटतील.

डिस्कच्या नावांपासून प्रारंभ करू. लिनक्स पहिल्या डिस्कला ‘एसडीए’, दुसरीला ‘एसडीबी’ असे म्हणतो. ही नावे व्याकरणाच्या भाषेत दर्शक होत: ‘हा’, ‘तो’, ‘पलीकडचा’ यांच्या जातीची. जी डिस्क आधी सापडली ती ‘ए’. नव्या यंत्रात सापडण्याचा क्रम निराळा असू शकतो, मग ‘एसडीए’वर विसंबून लिहिलेली जुळवणी चुकीची डिस्क उघडू पाहते. यावर तोड म्हणून प्रत्येक फाइलव्यवस्थेला, ती निर्माण होतानाच, १२८ बिटांचा एक स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो. त्याला ‘यूयूआयडी’ म्हणतात. कोणती डिस्क कोठे जोडावयाची हे सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ या फाइलीत हाच क्रमांक लिहिणे श्रेयस्कर. तथापि येथे एक खोच आहे. डिस्कची बिटागणिक नक्कल केली, तर यूयूआयडीचीही नक्कल होते आणि दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडल्यास एका विशेषनामाच्या दोन व्यक्ती समोर उभ्या राहतात. एक्सएफएस ही फाइलव्यवस्था अशा वेळी दुसरी डिस्क जोडण्यास सरळ नकार देते, आणि ते योग्यच आहे. उलट, नवी फाइलव्यवस्था तयार करून तीत केवळ फाइली उतरविल्या, तर यूयूआयडी नवा असतो. मग एफएसटॅब आणि प्रणाली सुरू करणाऱ्या ‘ग्रब’ची जुळवणी, या दोन्ही ठिकाणी तो हाताने दुरुस्त करावा लागतो.

जाळ्याच्या कार्डाची कथा अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे एक उपाय दुसऱ्या अपायाला कारण झाला. पूर्वी कार्डांना सापडण्याच्या क्रमाने ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी नावे मिळत. क्रम बदलतो म्हणून पुढे अशी सोय केली की, एकदा ज्या कार्डाला ‘ईटीएच०’ म्हटले त्याचा कारखान्यातील क्रमांक एका फाइलीत नोंदवून ठेवावा आणि ते नाव दुसऱ्या कोणास देऊ नये. परिणामी डिस्क नव्या यंत्रात नेली की, नव्या कार्डाला ‘ईटीएच१’ नाव मिळे; ‘ईटीएच०’ हे नाव गेलेल्या माणसाच्या नावाने राखून ठेविलेल्या खुर्चीसारखे रिकामे राही; आणि सारी जुळवणी त्या रिकाम्या खुर्चीशीच बोलत बसे. २०१३ साली सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीपासून नावे कार्डाच्या जागेवरून देण्याची पद्धत आली. ‘ईएनपी३एस०’ म्हणजे तिसऱ्या मार्गावरील शून्याव्या खाचेतील ईथरनेट कार्ड. एकाच यंत्रापुरते हे नाव स्थिर असते. यंत्र बदलले की जागा बदलते व नावही बदलते. पुण्याच्या पेठांनी हा अनुभव पूर्वीच घेतला आहे: मुर्तझाबादची शनिवार पेठ झाली, मलकापूरची रविवार पेठ झाली, जमीन मात्र जागच्या जागी राहिली. सर्व्हरच्या बाबतीत याच्या उलट घडते. जमीन बदलते आणि जुने नाव कागदोपत्री तसेच राहते. म्हणून यंत्र हलविण्यापूर्वीच जुळवणीत ‘कोणतेही ईथरनेट कार्ड’ असा सामान्य निर्देश करून ठेवावा, अथवा नव्या कार्डाचा क्रमांक आधी मिळवून लिहावा. सर्व्हर दूरच्या खोलीत असेल आणि त्याच्याशी बोलण्याचा मार्ग जाळ्यावाचून दुसरा नसेल, तर ही एवढीशी गोष्ट संपूर्ण दिवस खाते.

सुरू होण्याच्या प्रक्रियेविषयी थोडक्यात सांगतो. मुख्य डिस्क उघडण्यापूर्वी कर्नल एका छोट्या तात्पुरत्या फाइलव्यवस्थेवर चालतो. रेड हॅटच्या कुळातील प्रणाली तिच्यात केवळ चालू यंत्राला लागणारे ड्रायव्हर भरतात; डेबियनमध्ये रूढ जुळवणीनुसार बहुतेक सर्व भरलेले असतात. पहिल्या प्रकारात निघण्यापूर्वी सर्व ड्रायव्हरांसह ही फाइलव्यवस्था पुन्हा बांधून घ्यावी. तसेच जुने यंत्र बायॉसवर आणि नवे केवळ यूईएफआयवर चालणारे असेल, तर नव्या डिस्कवर त्यासाठी एक निराळा लहान विभाग करावा लागतो. जुन्या पद्धतीच्या विभागसारणीत ५१२ बाइटांच्या खंडांचा पत्ता ३२ बिटांत लिहिला जात असल्यामुळे तिची धाव दोन टेबीबाइटांपलीकडे जात नाही. मोठ्या डिस्कसाठीही नवी सारणी अनिवार्य होते.

आता मालकीचा प्रश्न. फाइलीचा मालक कोण, हे लिनक्स नावाने लिहून ठेवीत नाही. फाइलीवर असतो तो केवळ एक क्रमांक. त्या क्रमांकाचे नाव ‘पासवर्ड’च्या यादीत शोधून आपल्याला दाखविले जाते. नाव हे वाचनाच्या वेळी लावलेले भाष्य होय. संहिता म्हणजे क्रमांक. डेबियनमध्ये निरनिराळ्या सेवांच्या खात्यांना १०० ते ९९९ यांमधील क्रमांक, सेवा ज्या क्रमाने बसविल्या त्या क्रमाने मिळतात. जुन्या यंत्रावर ११३ म्हणजे डेटाबेसचे खाते असेल, आणि नव्यावर सेवा निराळ्या क्रमाने बसविल्यामुळे ११३ म्हणजे टपालाचे खाते असेल. फाइली क्रमांकांसह उतरविल्या, तर अक्षरही न बदलता त्यांचा अर्थ पालटतो: शब्दसंग्रह टपालखात्याच्या मालकीचा होतो आणि डेटाबेस तो उघडू शकत नाही.

फाइली वाहून नेणारा ‘आरसिंक’ हा प्रोग्रॅम, त्याला मुख्य प्रशासकाचे अधिकार असताना, सामान्यतः नावाला प्रमाण मानतो; क्रमांकच प्रमाण मानावा असेही त्याला सांगता येते. यांतले बरोबर कोणते? याचे उत्तर संदर्भावर अवलंबून आहे. संपूर्ण प्रणाली पासवर्डच्या यादीसकट जात असेल, तर क्रमांक राखावेत, कारण त्यांचा अर्थ सांगणारी यादीही बरोबरच प्रवास करीत आहे. केवळ सामग्री नेऊन ती स्वतंत्रपणे बसविलेल्या नव्या प्रणालीत घालावयाची असेल, तर नाव राखावे. सर्वांत घोटाळा होतो तो पेनड्राइव्हवरून तात्पुरती प्रणाली सुरू करून नक्कल करताना. त्या प्रणालीची स्वतःची निराळी यादी असते आणि नावाला प्रमाण मानल्यास या परक्या दुभाष्याच्या तोंडून सारी भाषांतरे होतात. याशिवाय एकाच फाइलीची अनेक नावे, विशेष परवान्यांच्या नोंदी आणि फाइलीला जोडलेली अतिरिक्त लक्षणे राखण्यासाठी आरसिंकला ती प्रत्येक गोष्ट वेगळी सांगावी लागते. नुसते ‘सर्व ने’ म्हटल्याने ती येत नाहीत.

यंत्राची स्वतःची ओळख हाही एक स्वतंत्र मुद्दा आहे. दुरून सर्व्हरशी बोलताना ‘एसएसएच’ त्याची गुप्त किल्ली पडताळून पाहते. जुन्या किल्ल्या नव्या यंत्रावर नेल्या तर जगाच्या दृष्टीने सर्व्हर तोच. न नेल्या तर प्रत्येक वापरणाऱ्याला ‘ओळख बदलली आहे’ असा इशारा मिळतो. माझ्या मते जुने यंत्र खरोखर निवृत्त होणार असेल तर किल्ल्या अवश्य न्याव्यात. विद्यार्थ्यांना इशारे डोळे मिटून स्वीकारावयाची सवय लागणे हे किल्ली नेण्यापेक्षा अधिक घातक आहे. मात्र दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यावर एकदम चालू ठेवू नयेत. प्रणालीला बसवतेवेळी मिळणारा ‘मशीन-आयडी’ दोहोंचा एकच असेल, तर काही व्यवस्थांत त्यांना जाळ्यावर पत्ताही एकच दिला जातो.

येथवरच्या साऱ्या अडचणींत एक गुण आहे: त्या ओरडून आपले अस्तित्व जाहीर करतात. सर्व्हर सुरू होत नाही, फाइल उघडत नाही, इशारा येतो. जी अडचण गप्प राहते ती वर्णक्रमाची.

डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृत कोशाचा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या चिठ्ठ्यांचे भांडार सुमारे एक कोटीचे सांगतात. अशा भांडारात चिठ्ठी सापडते ती ती तेथे आहे म्हणून नव्हे, तर ठेवणारा आणि शोधणारा एकच क्रम मानतात म्हणून. मराठीचे उदाहरण घेऊ. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या कोष्टकात त्याची जागा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. कोष्टकाच्या क्रमाने काल, काळ, कावळा, कासव, काहूर अशी यादी होते. वर्णमालेच्या क्रमाने काल, कावळा, कासव, काहूर, काळ. दोन्ही क्रम समर्थनीय आहेत. परंतु यादी एका क्रमाने लावलेली आणि शोधणारा दुसऱ्या क्रमाने चालणारा असेल, तर ‘काळ’ हा शब्द यादीत असूनही हाती लागणार नाही. ‘क्ष’चेही तसेच: शाळेत तो वर्णमालेच्या शेवटी शिकवितात, संस्कृत कोशांत तो ककारातच असतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसमधील निर्देशसूची नेमकी अशीच क्रमाने लावलेली असते. शोध घेताना सूचीच्या मध्यावर जाऊन ‘हवा तो शब्द याच्या अलीकडे की पलीकडे’ असे विचारीत निम्मी निम्मी सूची टाकून दिली जाते. अलीकडे-पलीकडे ठरविणारा नियम मात्र, विशेष काही सांगितले नसेल तर, डेटाबेसच्या मालकीचा नसतो. तो लिनक्सच्या ‘जीलिबसी’ या मूलभूत ग्रंथालयाकडून उसना घेतलेला असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये या ग्रंथालयाच्या २.२८ या आवृत्तीत क्रमनियमांची सारणी नव्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार समूळ बदलण्यात आली. सेंटओएस ७ मध्ये २.१७ आणि डेबियन ९ मध्ये २.२४ ही आवृत्ती होती. रेड हॅट ८ आणि डेबियन १० यांत २.२८ आली. बदल ओळखण्याची एक सोपी खूण सांगतात. इंग्रजी-अमेरिका लोकेलमध्ये ‘११’ आणि ‘१-१’ या अंकजोड्या क्रमाने लावल्यास जुन्या आवृत्तीत ‘११’ आधी येत असे. नवीत ‘१-१’ आधी येतो. जोडरेघेकडे पूर्वी कानाडोळा होत असे, आता होत नाही. ‘घर-दार’ आणि ‘घरदार’ अशी दुहेरी लेखने ज्या मराठी संग्रहात शेकड्यांनी आहेत, तेथे याचा परिणाम काय होईल, याची कल्पना यावी.

आता कसब्यातील त्या मंडळाकडे परत येऊ. डेटाबेसच्या फाइली त्यांनी जुन्या यंत्रावरून उचलून, पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती तीच ठेवून, नव्या प्रणालीवर ठेविल्या. सर्व काही चालते. सूची जुन्या क्रमाने रचलेली आहे आणि शोध नव्या क्रमाने चालला आहे. काही शब्द सापडतात, काही सापडत नाहीत. त्यातही गंमत अशी की, डेटाबेस कधी सूचीवरून शोधतो, तर कधी संपूर्ण तक्ता वाचून काढतो. तेव्हा एकच शब्द एका प्रश्नात सापडतो व दुसऱ्यात हरवतो. ‘एक शब्द एकदाच’ असा नियम घातला असला, तरी सूचीत तो न दिसल्यामुळे दुसऱ्यांदा नोंदविला जाऊ शकतो. एखादा संशोधक अमुक रूप संग्रहात आढळत नाही असे मोजून दाखवितो आणि त्यावर प्रकरण रचतो. भाषाशास्त्रात अभाव हा पुरावा म्हणून वापरला जातो, आणि येथे तो अभाव यंत्राच्या स्थलांतरातून निर्माण झालेला असतो. परीक्षकालाही तो कळण्याचा मार्ग नाही.

उपाय अवघड नाहीत. प्रणालीची आवृत्ती बदलत असेल, तर डेटाबेसच्या फाइली उचलू नयेत. त्यातील मजकूर बाहेर लिहून काढावा आणि नव्या यंत्रावर पुन्हा भरावा. तसे केल्याने सूच्या नव्या क्रमानेच बांधल्या जातात. फाइली उचलल्याच असतील, तर सर्व मजकुरी सूच्या पुन्हा बांधाव्यात; सूचीतील क्रम बिघडला आहे का, हे तपासणारे ‘एमचेक’ हे साधन पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. मी तर यापुढे जाऊन असे म्हणेन की, संग्रहाच्या अंतर्गत सूचीसाठी केवळ संकेतांकांचा क्रम वापरावा. तो कोणत्याही भाषेचा नाही, म्हणून कोणी सुधारीतही नाही. मराठी वर्णक्रम लावावयाचा तो वाचकासमोर यादी मांडताना. नव्या यंत्रावर ‘मराठी-भारत’ हे लोकेल निर्माण करणेही विसरू नये. ते नसेल तर क्रम लावणारे साधे प्रोग्रॅम मुकाट्याने संकेतांकांच्या क्रमावर घसरतात.

मराठीच्या आणखी एका वर्णाकडे लक्ष वेधले पाहिजे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद आपण वर्गात शिकवितो. संगणकात हा दुसरा ‘र’ दोन प्रकारांनी लिहिलेला आढळतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर योजून, अथवा साध्या ‘र’ला हलन्त चिन्हानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. युनिकोडच्या सामान्य क्रमनियमांत या अदृश्य चिन्हाला वजन नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रकारात गुरू आणि स्वयंपाकी क्रमाच्या दृष्टीने एकाच जागी येतात. शिवाय ‘ऱ’ या अक्षराचे ‘र’ आणि नुक्ता असे विघटन युनिकोडने मान्य केले आहे. लिनक्स फाइलींची नावे बाइट न बदलता ठेवतो; पण मध्यंतरीचा बॅकअप मॅकच्या जुन्या एचएफएस-प्लस डिस्कवर घेतला असेल, तर ती फाइलव्यवस्था नावे विघटित रूपात साठविते. ‘वऱ्हाडी’ किंवा ‘गुऱ्हाळ’ नावाची ध्वनिमुद्रणाची फाइल परत येते तेव्हा डोळ्यांना तशीच दिसते, आणि डेटाबेसमध्ये नोंदविलेल्या नावाने मात्र उघडत नाही. म्हणून वाटेत गाठोडे बांधून, म्हणजे ‘टार’ करून, नावे आतल्या आत ठेवणे सुरक्षित.

पडताळणी आधी योजावी. जुन्या यंत्रावर असताना संग्रहातील सर्व शब्द मजकुराच्या फाइलीत काढून संकेतांकांच्या क्रमाने लावावेत आणि त्या फाइलीची पडताळणी-संख्या काढून ठेवावी. नव्या यंत्रावर तीच कृती करून दोन्ही संख्या ताडून पाहाव्यात. एवढ्याने शब्द पोहोचले हे कळते. ते सापडतात की नाही हे कळत नाही. त्यासाठी त्याच यादीतील प्रत्येक शब्द सूचीमार्फत शोधावा आणि किती वेळा आला हे जुन्या आकड्याशी जुळवावे. जोडरेघेचे, ‘ळ’चे आणि ‘ऱ’चे शब्द तर हाताने पाहावेत. हे सारे होईपर्यंत जुने यंत्र जाळ्यापासून तोडून, पण पुसून न टाकता, ठेवावे. त्याच्या डिस्कवर दिनांक, प्रणालीचे नाव, जीलिबसीची आवृत्ती आणि पोस्टग्रेसची आवृत्ती लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. त्या यंत्रावर मोजलेल्या आकड्यांवर आधारलेला प्रबंध पुढे कोणी पडताळू लागला, तर त्याला प्रथम याच चार गोष्टी विचाराव्या लागतील.